पक्ष्याला हात लावण्याआधी

सातवीत असताना मी बुलबुलाचं एक पिल्लू उचलून घरी आणलं होतं. झुडपाखाली बसलेलं, अंगावर पिसं आलेली, पण शेपटीच्या जागी बोटाच्या पेराएवढा तुकडा. मी अगदी जवळ गेले तरी ते उडालं नाही, म्हणजे त्याला लागलंय, असं मी ठरवून टाकलं. वरच्या फांदीवर दोन मोठे बुलबुल जीव तोडून ओरडत होते. ते कानावर पडत होतं, पण ते मला उद्देशून आहे हे कळत नव्हतं. घरी आणून त्याला कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं. रात्रभर त्याच्या नाकपुड्यांतून बुडबुडे येत राहिले. सकाळी ते गेलेलं होतं.

त्या पिल्लाला काहीही झालेलं नव्हतं. ते उडायला शिकायच्या वयात होतं आणि त्याचे आईबाप डोक्यावरच होते. दूध पक्ष्यांना पचत नाहीच, शिवाय मी पाजलेलं दूध त्याच्या श्वासनलिकेत गेलं होतं. माया भरपूर होती, माहिती काहीच नव्हती. ज्यांनी कधी पक्षी हातात धरलेला नाही आणि आज अचानक एखादा पक्षी पायाशी, खिडकीशी किंवा घरात आला आहे, त्यांच्यासाठी ही माहिती मी क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी: दहा पावलं मागे जा, दहा मिनिटं बघा

रक्त दिसत असेल, पंख लोंबत असेल, मांजर किंवा कुत्रा जवळ असेल किंवा पक्षी रस्त्याच्या मधोमध असेल, तर थांबू नका, थेट उचलण्याकडे वळा (कसं उचलायचं ते तिसऱ्या पायरीत आहे). बाकी प्रत्येक वेळी आधी मागे सरा. कारण जमिनीवर विचित्र अवस्थेत दिसणारे कितीतरी पक्षी ठणठणीत असतात.

होले आणि साळुंक्या भर उन्हात एक पंख पसरून, अंग एका बाजूला टाकून, चोच उघडी ठेवून पडतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, संपलाच. प्रत्यक्षात तो ऊन खात असतो. जवळ जाल तेव्हा झटकन उठून उडून जाईल. रातव्यासारखे पक्षी तर दिवसभर पाचोळ्यात निश्चल बसून राहतात, अगदी पाय पडेपर्यंत हलत नाहीत.

सगळ्यात जास्त फसवणूक करतो तो चिखल्या. मोकळ्या माळावर किंवा पाण्याच्या काठाने चालताना एक छोटा पक्षी तुमच्यासमोर पंख ओढत, लंगडत, कण्हल्यासारखा आवाज काढत पळायला लागतो. तुम्ही त्याच्या मागोमाग जाता. तो थोडा पुढे सरकतो आणि पुन्हा पडतो. असं पाच-पन्नास पावलं चालतं आणि मग तो धडधाकट पंखांनी भुर्रकन उडून जातो. त्याची अंडी किंवा पिल्लं तुम्ही निघालात त्या जागी आहेत, तिथून तुम्हाला दूर न्यायचं एवढाच त्याचा उद्योग. टिटवी आणि तिच्या जातकुळीतले इतर पक्षीही हेच करतात. अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची असतात, सहज पायाखाली येतात. म्हणून असा लंगडा पक्षी दिसला की जागीच उभे राहा, पायाखाली नीट बघा आणि आलात त्याच वाटेने परत फिरा. अंडी शोधायला जाऊ नका. तुम्ही जितका वेळ तिथे राहाल तितका वेळ ती उन्हात किंवा गारठ्यात उघडी पडतात.

दुसरी पायरी: पिल्लू असेल तर त्याचं वय ओळखा

विणीच्या हंगामात सापडणाऱ्या पिल्लांपैकी बहुतेकांना आपली गरजच नसते. दोनच गोष्टी बघायच्या: अंगावर पिसं किती आहेत आणि पिल्लू पायांवर उभं राहतं का.

अंगावर पिसं, आखूड शेपूट, चोचीच्या कोपऱ्यांना पिवळी मऊ झालर, आणि ते टुणटुण उड्या मारतंय किंवा फांदीला धरून बसलंय, तर ते घरट्यातून स्वतःहून बाहेर पडलेलं आहे. या वयाची पिल्लं काही दिवस जमिनीवर आणि झुडपांत काढतात, आईबाप तिथेच येऊन भरवतात. त्याला तिथेच राहू द्या. फार तर रस्त्यावरून उचलून जवळच्या दाट झुडपात ठेवा, आपलं मांजर-कुत्रं घरात घ्या आणि लांब जाऊन बसा. लांब म्हणजे खरंच लांब. तुम्ही दहा फुटांवर उभे राहून आई येते का बघत असाल, तर ती तुमच्यामुळेच येत नाहीये. घुबडाची पिल्लंही नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर येऊन फांद्यांवर फिरतात. ती खाली पडली तर पाय आणि चोच वापरून पुन्हा खोडावर चढतात. पिंगळ्याचं पांढुरकं, गोल डोळ्यांचं पिल्लू बघून उचलून न्यायचा मोह भल्याभल्यांना होतो. तो आवरा.

उघडंबोडकं, डोळे मिटलेलं किंवा नुसती लव असलेलं पिल्लू मात्र घरट्यातून पडलेलं असतं. घरटं दिसत असेल आणि हात पोहोचत असेल तर त्याला परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूत चुकीची आहे. बहुतेक लहान पक्षी वासावर विसंबून पिल्लं ओळखत नाहीत, आणि पिल्लामागे त्यांनी इतके कष्ट घेतलेले असतात की अशा कारणावरून ते सोडून देत नाहीत. घरटंच खाली आलं असेल तर एका छोट्या टोपलीला तळाशी भोकं पाडा म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही, जुनं घरटं आत ठेवा आणि त्याच झाडाला सावलीत घट्ट बांधा. पिल्लू हाताला गार लागत असेल तर परत ठेवण्याआधी ओंजळीत धरून ऊब द्या. गारठलेलं पिल्लू चोच उघडून मागत नाही, आणि जे मागत नाही त्याला भरवलं जात नाही.

टिटवी, बदक, लावा यांची पिल्लं या दोन्ही प्रकारांत बसत नाहीत. ती अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच पळायला लागतात आणि आईमागे चालतात. असं एकटं पिल्लू दिसलं तर आसपास आई आहे का ते दुरून शोधा. दिसली तर पिल्लू तिच्या दिशेने सोडून बाजूला व्हा.

आणि आणखी एक. कावळ्याच्या घरट्याखाली वेगळ्याच रंगाचं पिल्लू दिसलं आणि कावळा त्याला भरवतोय असं वाटलं, तर ते कोकिळेचं असू शकतं. ही चूक दुरुस्त करायला आपण जायचं नाही.

तिसरी पायरी: काचेवर आपटलेला पक्षी

तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. मऊ आणि जड, चेंडू लागल्यासारखा. होला किंवा पारवा असेल तर काचेवर त्याच्या पिसांच्या भुकटीचा ठसा उमटतो, पसरलेले पंख, छाती, कधी डोळ्याचं वर्तुळसुद्धा. पक्ष्याला काच ही वस्तू म्हणून दिसत नाही. त्याला तिच्यात पडलेलं झाड आणि आभाळ दिसतं आणि तो त्या झाडाकडे निघालेला असतो.

खाली बसलेला पक्षी बधिर असतो. डोळे अर्धे मिटलेले, पिसं फुललेली, कधी चोच उघडी. या अवस्थेत तो मांजर, कावळा, मुंग्या, कोणाच्याही तावडीत सापडेल. म्हणून त्याला तिथे सोडू नका. एक हलका सुती रुमाल वरून टाका, डोकं झाकलं जाऊ द्या. अंधार झाला की पक्षी शांत होतो. दोन्ही हातांनी रुमालासकट उचला, पंख अंगाशी मिटलेले राहतील असे. छाती दाबू नका. आपल्यासारखा पडदा पक्ष्यांना नसतो, छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच त्यांना श्वास घेता येतो. घाबरून आपण मूठ आवळतो आणि चांगला जिवंत पक्षी हातात गुदमरतो. हे मी पाहिलेलं आहे. हातात धरलेल्या छोट्या पक्ष्याचं हृदय बोटांना जाणवतं, पण त्याचे ठोके मोजता येत नाहीत, नुसती थरथर लागते. मिनिटाला कित्येक शे ठोके पडत असतात.

त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. शिवणयंत्रावरच्या दोऱ्यासारखे धागे निघणारा टॉवेल नको, नखं अडकतात. साधा सुती कपडा तळाशी घाला, झाकणाला चार भोकं पाडा, झाकण लावा. पिंजरा नको, त्यात तो गजांवर आपटून पिसं मोडून घेतो. खोकं घरातल्या शांत, उबदार कोपऱ्यात ठेवा. टीव्ही, मुलं, मोबाईलचे फोटो, सगळं बाहेर. पाणी ठेवू नका, खायला ठेवू नका. एक ते दोन तास झाकण उघडायचं नाही. बघायची इच्छा होते, पण तुमचा चेहरा वरून दिसणं हे त्याच्या लेखी शिकारी प्राण्याने वाकून बघणंच आहे.

आतून नखांचा खरखर आवाज येऊ लागला की खोकं बाहेर न्या. पुढचं मी शेवटी सांगते. दोन तासांनंतरही तो बसूनच असेल, मान वाकडी धरत असेल, एक पंख खाली असेल किंवा डोळ्यात रक्त दिसत असेल, तर ते घरी बरं होणारं नाही. पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे किंवा वन्यजीव बचाव केंद्रात न्या. अंधार पडला असेल तर दिवसा उडणाऱ्या पक्ष्याला सोडू नका, रात्रभर खोक्यात राहू द्या आणि सकाळी बघा.

काचेचं हे प्रकरण किती मोठं आहे याची आपल्याला कल्पना नसते. अमेरिकेतल्या इमारतींवर आपटून वर्षाला 36 कोटी ते 99 कोटी पक्षी मरतात, असा अंदाज 2014 साली शास्त्रज्ञांनी मांडला. 5 ऑक्टोबर 2023 रोजी शिकागोत तलावाकाठच्या एकाच काचेच्या इमारतीपाशी एका सकाळी सुमारे हजार मेलेले पक्षी सापडले. स्थलांतराची रात्र होती, आतले दिवे चालू होते. नंतर त्या काचांवर ठिपक्यांची फिल्म लावली आणि मृत्यू फार कमी झाले.

म्हणजे उपाय आहे, आणि तो आपल्याही खिडकीला लागू पडतो. काचेच्या बाहेरच्या बाजूला ठिपके किंवा रेघा हव्यात, एकमेकांपासून 5 सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर नको. ससाण्याची एखादी काळी आकृती चिकटवून काही होत नाही, पक्षी तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेतून जायचा प्रयत्न करतात. आतून पडदा लावला तरी बाहेरचं प्रतिबिंब तसंच राहतं. साबणाची वडी ओली करून बाहेरून रेघा ओढल्या तरी चालतं, पावसानंतर पुन्हा ओढाव्या लागतात एवढंच.

काचेवर रोज सकाळी येऊन चोच मारणारा पक्षी ही वेगळी गोष्ट आहे. दयाळ, धोबी, शिंजीर असे हद्द राखणारे नर आरशात आणि गाडीच्या काचेत प्रतिस्पर्धी बघतात आणि त्याच्याशी दिवसेंदिवस भांडत राहतात. तो जखमी नाही, पण दमून जातो. विणीचा काळ संपेपर्यंत गाडीचा आरसा जुन्या पायमोज्याने झाका. प्रतिस्पर्धी दिसेनासा झाला की भांडणही थांबतं.

घरात शिरलेला पक्षी

सगळ्यात आधी पंखा बंद करा. बाकी काही आठवलं नाही तरी चालेल, पण हे आठवा. मग दिवे मालवा, खोलीची इतर दारं लावा, पडदे ओढा आणि एकच खिडकी पूर्ण उघडून खोलीबाहेर निघून जा. पक्षी उजेडाकडे जातो. झाडू, टॉवेल घेऊन मागे लागलात तर तो वर वर जात राहील आणि छताला धडकेल. बहुतेक वेळा अर्ध्या तासात खोली रिकामी असते.

डोक्यावर झडप घालणारे पक्षी

वर्षातले काही आठवडे एखाद्या झाडाखालून जाताना कावळा किंवा घार डोक्यावर झेपावते. जवळच पिल्लं आहेत, एवढाच त्याचा अर्थ. हे पक्षी सहसा पाठीमागून येतात. म्हणून त्या झाडाच्या टापूत छत्री उघडा किंवा डोक्यावर टोपी ठेवा, पळू नका, हात हलवू नका, शक्य तर दोन-तीन आठवडे वाट बदला. दगड मारून तर ते फार वाईट होतं. कावळे माणसाचा चेहरा लक्षात ठेवतात. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात 2006 साली संशोधकांनी ठरावीक मुखवटा घालून कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे अनेक वर्षं तो मुखवटा घातलेला माणूस दिसला की कावळे गोळा होऊन ओरडत, त्यात ज्यांना कधी पकडलंच नव्हतं असेही होते. तुम्ही कावळ्याचं पिल्लू उचलून बाजूला ठेवलंत तरी तो राग तुमच्यावर निघू शकतो. पिल्लू वाचत असेल तर तो सोसावा.

चौथी पायरी: काय करायचं नाही

पाणी पाजू नका. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. चोच उघडून थेंब टाकला की तो तिथेच जातो. दूध, भात, पाव काहीही नको. पोट रिकामं असल्याने एखादा पक्षी दोन तासांत मरत नाही, चुकीच्या घशाने गेलेल्या पाण्याने मरतो.

बाळगू नका. बहुतेक देशांत वन्य पक्षी परवानगीशिवाय ठेवणं हा गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, माणसाच्या हातून वाढलेलं पिल्लू माणसालाच आपलं समजू लागतं आणि नंतर त्याला स्वतःच्या जातीत जागा मिळत नाही.

दोऱ्यात अडकलेल्या पक्ष्याचा दोरा ओढून काढू नका. तो झाडाला बांधला गेलाय तिथून कापा, पक्ष्याच्या अंगावरचा तसाच राहू द्या आणि तसंच डॉक्टरकडे न्या. आवळलेल्या भागाचं नुकसान पुढच्या एक-दोन दिवसांत वर येतं, म्हणून दोरा सुटला तरी लगेच सोडू नये. पक्षी विजेच्या तारेवर लटकला असेल तर काठी घेऊन वर जाऊ नका, अग्निशमन दलाला किंवा वीज खात्याला बोलवा. उंदरांसाठी लावलेल्या चिकट फळीवर सापडला असेल तर उघड्या गोंदावर कागद दाबून टाका म्हणजे तो आणखी चिकटणार नाही, आणि फळीसकट न्या. तेल, रॉकेल ओतू नका.

मांजराच्या तोंडातून सुटलेला पक्षी अंगावर जखम दिसो न दिसो, डॉक्टरकडे गेलाच पाहिजे, आणि त्याच दिवशी. मांजराचे दात सुईसारखे असतात, भोक पिसांत दिसत नाही, पण तोंडातले जंतू आत गेलेले असतात. प्रतिजैविक वेळेवर मिळालं नाही तर दिसायला धडधाकट पक्षीही एक-दोन दिवसांत जातो.

बगळा आणि खंड्या थेट डोळ्यावर चोच मारतात, त्यांना चेहऱ्यापासून हातभर लांब धरा. घुबड, घार, शिक्रा यांचं हत्यार चोच नव्हे, नखं. जाड कापडाशिवाय हात घालू नका.

एकाच जागी अनेक पक्षी मेलेले किंवा झोकांड्या खात असलेले दिसले तर स्पर्शच करू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा. बर्ड फ्लूची शक्यता असते. एरवीही पक्षी हाताळल्यावर साबणाने हात धुवा. मेलेल्या किंवा जखमी पक्ष्याच्या पायात कडं असेल तर त्यावरचा आकडा आणि अक्षरं लिहून घ्या. कोणीतरी अभ्यासकाने ते घातलेलं असतं आणि त्या एका नोंदीची तो वर्षानुवर्षं वाट बघत असतो.

जमिनीवरची पाकोळी

हिला मी वेगळी जागा देते, कारण हिच्याबाबत चूक हमखास होते. कोयत्यासारखे लांब पंख, गडद रंग आणि पाय इतके आखूड की नसल्यासारखे. तिला जमिनीवरून उठणं फार अवघड जातं, म्हणून ती पंख फडफडवत पडून राहते आणि लोक तिला पंख मोडलेली समजतात. युरोपातल्या एका जातीच्या पाकोळ्या सलग दहा महिने जमिनीला न टेकता हवेत राहू शकतात, हे स्वीडनच्या संशोधकांनी 2016 साली दाखवून दिलं. जमीन ही तिची जागाच नाही. पूर्ण वाढलेली आणि न दुखावलेली पाकोळी असेल तर मोकळ्या मैदानात जा, तळहात सपाट ठेवून तिला डोक्याच्या उंचीवर धरा आणि वाट बघा. ती थरथरेल, कडेपर्यंत सरकेल आणि जाईल. हवेत भिरकावू नका. लागलेलं असेल किंवा पिल्लू असेल तर सरळ खाली आपटेल. पाच-दहा मिनिटांत गेली नाही तर खोक्यात ठेवून डॉक्टरकडे.

तुमच्याच वस्तूत घरटं झालं तर

कुंडीत, सायकलच्या टोपलीत, टांगलेल्या हेल्मेटमध्ये. अंडी पडली असतील तर ती वस्तू महिनाभर त्यांची. छोट्या पक्ष्यांची अंडी साधारण 12 ते 14 दिवसांत उबतात आणि पिल्लं आणखी तितक्याच दिवसांत बाहेर पडतात. कुंडीला पाणी घालायचं असेल तर कडेने, हळू, आई उठून गेलेली असताना.

शेवटची पायरी: सोडताना

खोकं पक्षी सापडला त्याच जागी न्या, पण त्या काचेपासून दूर. आसपास झाडं असावीत, मांजर नसावं. खोकं जमिनीवर ठेवा, झाकण उघडा आणि मागे या. हातात घेऊन उडवू नका, त्याला स्वतःच ठरवू द्या. काही पक्षी झाकण उघडताक्षणी सुटतात. काही आधी काठावर येऊन बसतात, पिसं झटकतात, एकदा शिटतात, डोकं वाकडं करून आभाळाकडे बघतात. जवळच्या फांदीवर जाऊन बसला तर घाई करू नका, तिथेच उभे राहा. पुढची झेप सरळ आणि दूरवर गेली की रिकामं खोकं घडी करून ठेवून द्या. ते टाकू नका, पुन्हा लागेल.